जे आधी होईल ते

"आता ही वॉरंटी वाढवून मिळणार नाही, मॅडम," काउंटरमागची मुलगी म्हणाली आणि तिनं कागद सरिताकडे परत सरकवले. आवाजात तुटकपणा नव्हता. उलट तो मऊ होता, आणि सरिताला तो मऊपणाच टोचला. हिंगोलीच्या दवाखान्यात नर्स म्हणून ती स्वतः इतकी वर्षं याच आवाजात बोलत आली होती. नातेवाइकांना काही वाईट सांगायचं असलं की आवाज खाली घ्यायचा, माणसाच्या डोळ्यांत न बघता खांद्याकडे बघायचं, आणि सांगून झाल्यावर लगेच पाठ फिरवायची नाही, थोडं थांबायचं. मुलगीही थांबली होती. तिच्या बिल्ल्यावर प्रतिक्षा असं नाव होतं. समोरच्या कॉम्प्युटरचा उजेड तिच्या गालावर पडला होता, आणि मागे काचेपलीकडे नांदेडच्या त्या वर्कशॉपमध्ये कुठली तरी गाडी वर उचलली जात होती.

"पण मुदत संपायला अजून आठवडा हाय," सरिता म्हणाली. "मी मुद्दाम आधी आले."

"मुदतीचा प्रश्न नाही, मॅडम. मधली एक सर्व्हिसिंग झालेली नाही तुमची. सगळ्या सर्व्हिसिंग वेळेवर झाल्या असतील तरच पुढच्या वर्षाची वॉरंटी देता येते."

"गाडी चाललीच न्हाई तर सर्व्हिसिंग कशाची करायची? पोर्चमधी उभी होती ती."

"उभी असली तरी करावी लागते. सहा महिने किंवा पाच हजार किलोमीटर, जे आधी होईल ते."

जे आधी होईल ते. मुलगी हे वाक्य दिवसातून किती तरी वेळा म्हणत असेल, त्यामुळे तिच्या तोंडून ते एखाद्या गावाच्या नावासारखं सहज आलं. पण सरिता त्यातच अडकून पडली. पाच हजार किलोमीटर आधी झाले असते तर काय काय झालं असतं, असं तिच्या मनात आलं. उन्हाळ्यात प्रेमानंद म्हणत होते तसं अजिंठ्याला जाऊन आलो असतो. पुण्याला लेकीच्या, राणीच्या होस्टेलवर डबा घेऊन गेलो असतो. नागपूरला दीक्षाभूमीवर गेलो असतो, या वेळी रेल्वेच्या गर्दीत न चेंगरता, आपल्या गाडीनं. किलोमीटर आधी व्हायचे होते, आणि झाले महिने. गाडी तशीच उभी राहिली आणि महिने मात्र तिच्यावरून चालत गेले. हे त्या मुलीला कसं सांगायचं, हे तिला कळेना. सांगण्यासारखं होतं ते इतकंच होतं की गाडी चालवणारा माणूस, तिचा नवरा, आजारी पडला. ते तिनं आल्या आल्याच सांगितलं होतं. मुलीनं मान हलवली होती, आणि मग कॉम्प्युटरकडे बघितलं होतं.

गाडी घेतली ती चार वर्षांपूर्वी, दोन हजार तीन साली, भीमजयंतीच्या महिनाभर आधी. पांढरी, लहानशी. पाईकरावांच्या घराण्यातली पहिली. प्रेमानंद कॉलेजात भूगोल शिकवायचे, आणि कुठलीही वस्तू घरात आली की आधी तिच्याबरोबरचं पुस्तक वाचायचे. मिक्सर आला तेव्हाही त्यांनी सगळ्या सूचना वाचून काढल्या होत्या. गाडीचं पुस्तक त्यांनी तीन संध्याकाळी वाचलं, चष्मा कपाळावर चढवून, मधून मधून सरिताला वाचून दाखवत. दोन वर्षं कंपनीची वॉरंटी, त्यापुढं एकेक वर्ष आपण पैसे भरून वाढवून घ्यायची. "आपल्या आधीच्या लोकांना कशाचीच हमी नव्हती," ते म्हणाले होते. "आपल्याला मिळून राहिली तर घ्यावी." त्यांचे वडील जळबा तेव्हा होते. गाडी त्यांना दाखवायला दोघं आखाडा बाळापूरला गेले आणि त्यांना घेऊन हिंगोलीला निघाले, तर म्हाताऱ्यानं आत बसताना चपला बाहेर काढल्या. कुणाच्या लक्षात आलं नाही. हिंगोलीत घरासमोर उतरल्यावर जळबा अनवाणी उभे, आणि चपला तिकडं बाळापूरच्या रस्त्यावर. प्रेमानंद तसेच उलटे फिरले, इतक्या लांब, नुसत्या चपलांसाठी. परत आले तेव्हा चपला मागच्या सीटवर वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेल्या होत्या. त्या दिवशी ते खूश होते. त्यांना गाडी चालवायला कारण मिळालं होतं.

पुढं वॉरंटीचा आकडा दर वर्षी चढत गेला. पहिल्यांदा त्यांनी हसत पैसे भरले. दुसऱ्यांदा याच काउंटरवर त्यांनी वाद घातला होता, गाडीची किंमत उतरते आणि हमीची चढते हे कसं काय म्हणून. समोरचा माणूस म्हणाला, गाडी जुनी होईल तशी जास्त बिघडणार ना सर. हे प्रेमानंदांना पटलं, आणि पटलं म्हणून जास्त राग आला. घरी येईपर्यंत ते त्यावरच बोलत होते. म्हणजे ज्याला गरज कमी त्याला स्वस्त, ज्याला गरज जास्त त्याला महाग. सरिता तेव्हा खिडकीबाहेर बघत नुसती हं हं करत होती. या वर्षीचा आकडा तिनं फोनवर विचारला तेव्हा तिला तो दोनदा विचारावा लागला. तरी ती आली होती. पगारातून बाजूला काढून, पाकिटात वेगळे ठेवून आली होती. पैसे देऊन मिळेल असं तिला वाटलं होतं. पैसे देऊनही मिळणार नाही, हे तिनं धरलं नव्हतं.

"साहेबांना बोलवता का जरा?" ती म्हणाली.

साहेब आले. हरिचंद म्हणून, पन्नाशीचे, खिशाला दोन पेनं. त्यांनी कागद चाळले, कॉम्प्युटरवर वाकून बघितलं. "मॅडम, मला समजतं सगळं," ते म्हणाले. "पण हे आमच्या हातात नाही. इथं सर्व्हिसिंगची तारीख टाकावी लागते. नसली की पुढचं पान उघडत नाही."

"आजारपणाचं सर्टिफिकेट आणलंय मी. सिव्हिल सर्जनची सही हाय त्याच्यावर."

"सर्टिफिकेट कुठं टाकू? त्याला जागाच नाही." त्यांनी खरंच स्क्रीन तिच्याकडं वळवून दाखवली. पांढरे चौकोन होते, त्यातला एक लाल झालेला. "दुसरी एक स्कीम आहे बाहेरच्या कंपनीची. पैसे थोडे जास्त पडतात. पण त्यात इंजिन येत नाही. गिअरबॉक्सपण नाही."

"मग येतं काय?"

हरिचंदांनी विचार केला. "हॉर्न येतो," ते म्हणाले. "काचा वर-खाली करायची मोटर येते."

"आमच्या गाडीच्या काचा हातानं फिरवायच्या हायत."

प्रतिक्षानं खाली बघितलं. सरिताला वाटलं, आपण ओरडावं. दवाखान्यात लोक ओरडायचे, टेबलावर हात आपटायचे, आणि ते गेल्यावर ती शेजारच्या सिस्टरला म्हणायची, त्यांचा राग आपल्यावर न्हाई. नियम तिकडंही होते. रात्री बाईवॉर्डात नातेवाइकांनी थांबायचं नाही हा नियम होता, आणि सेनगावकडची पारुबाई लेकीच्या कॉटखाली आठ दिवस निजली होती. राउंडला डॉक्टर आले की सरिता कॉटवरची चादर खालपर्यंत ओढून घ्यायची. डॉक्टरांनाही ठाऊक होतं. ते त्या कॉटपाशी आले की मुद्दाम छताकडं बघायचे. नियमाच्या पलीकडं माणूस असला की त्याला छताकडं बघता येतं. या लाल चौकोनाला कुठं बघायला सांगणार. तिला एकदम थकल्यासारखं झालं. काउंटरच्या काचेवर तिनं तळहात ठेवला. काच गार होती.

त्या दिवशीही असाच हात टेकून ती उभी होती, बाथरूमच्या दारापाशी. श्रावणातला रविवार होता. प्रेमानंद दाढी करत होते आणि त्यांच्या हातातून वस्तरा खाली पडला. आवाज इतका बारीक होता की दुसरं कुणी असतं तर लक्ष गेलं नसतं. तिनं बघितलं तर ते आरशात स्वतःकडं बघत होते, तोंडाचा एक कोपरा खाली ओढलेला, त्यावर अर्धा साबण. तिला तेव्हाच कळलं. काय झालंय, आत काय होत असेल, किती वेळात काय करायला पाहिजे, तिला सगळं पाठ होतं. आणि पोर्चमध्ये गाडी उभी होती, पेट्रोल भरलेली, आदल्या दिवशी पुसलेली, किल्ली खुंटीला. सरिताला गाडी येत नव्हती. दवाखान्याची ॲम्ब्युलन्स वसमतला गेलेली. ती रस्त्यावर पळत गेली तेव्हा चौकात वैजनाथची काळीपिवळी जीप कळमनुरीच्या सवाऱ्या भरत होती. वैजनाथनं काही विचारलं नाही. "उतरा रे सगळे," एवढंच म्हणाला, आणि सगळे उतरले, एका बाईनं स्वतःचं गाठोडंही वरून काढलं नाही, मागून नेते म्हणाली. नांदेडपर्यंत प्रेमानंदांचं डोकं तिच्या मांडीवर होतं. जीपच्या खडखडाटात ती त्यांच्या मनगटावर बोटं ठेवून बसली होती आणि सारखं एकच मनात येत होतं, की पोर्चमधून जाताना आपण त्या गाडीला वळसा घालून आलो. आपल्याच गाडीला, वाटेतल्या खांबासारखा वळसा.

जीव वाचला. पाय हळूहळू आला, ओढत का होईना. उजवा हात आला नाही. आणि शब्द विस्कटले. त्यांना सगळं समजायचं, पण बोलायला गेले की भलताच शब्द हाती यायचा. पाणी पाहिजे असलं की पाऊस म्हणायचे. शर्टाला नकाशा म्हणायचे. पण सकाळची वंदना मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एक अक्षर इकडंतिकडं न होता म्हणायचे. डॉक्टर म्हणाले, लहानपणी पाठ झालेलं, सवयीनं तोंडात बसलेलं वेगळ्या जागी असतं, ते राहतं. तिला सगळ्यात नवल वाटलं ते तिच्या स्वतःच्या नावाचं. तिला ते सरिता म्हणू शकत नव्हते. पहिल्यांदा हाक मारली ती "पूर्णा" अशी. तिला वाटलं, ही कोण. दुसऱ्या दिवशी "कयाधू" म्हणाले, मग एकदा "पैनगंगा." आठवडाभरानं, त्यांना भाकरी कुस्करून देताना, तिच्या ध्यानात आलं की सगळ्या नद्याच आहेत. ते बराबर दाराशी येत होते, फक्त शेजारच्या दाराशी. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. मग कुठल्याही नदीला ती ओ द्यायला लागली. राणी सुटीत आली तेव्हा तिनं हे ऐकलं, आणि जाताना स्टँडवर ती म्हणाली, आई, बाबांनी अजून तुला गोदावरी म्हटलं न्हाई का. सरिता म्हणाली, ती लय मोठी हाय, मला झेपायची न्हाई.

राणीच म्हणाली होती गाडी विकून टाक म्हणून. पुण्याहून, फोनवर, चांगल्या मनानं. नुसती उभी ठेवून काय करती. त्यावर सरिता अशी काही बोलली की दोघी आठवडाभर एकमेकींशी बोलल्या नाहीत. रविवारी ती गाडीवरची जुनी चादर काढायची, ओल्या फडक्यानं गाडी पुसायची, चादर झटकून परत घालायची. प्रेमानंद पायरीवर बसून बघायचे. "बरं वाटलं की तुमीच न्यायची आता," ती टायर पुसता पुसता म्हणायची. ते मान हलवायचे. हे दर रविवारी ठरल्यासारखं व्हायचं, आणि त्यातून तिला पुढच्या रविवारपर्यंत पुरेल एवढं काही तरी मिळायचं. वॉरंटीची मुदत संपत आल्याचं लक्षात आल्यावर तिला उलट हुरूप आला होता. पैसे भरायचे म्हणजे गाडी अजून एक वर्ष चालणार. गाडी चालणार म्हणजे चालवणाराही. असा सरळ विचार तिनं कधी केला नव्हता, पण पैसे पाकिटात वेगळे ठेवताना तिचा हात त्याच विचारानं चालला होता. वैजनाथला तिनं एका दिवसासाठी सांगितलं, जीप भावाकडं दे आणि आमची गाडी नांदेडला घेऊन चल. बॅटरी उतरली होती, ती त्यानं चालू करून आणली. प्रेमानंदांना घरी ठेवायचं ठरलं होतं, पण सकाळी ते नकाशा घालून, म्हणजे इस्त्रीचा शर्ट घालून, पुढच्या सीटवर जाऊन बसले होते.

"मॅडम," प्रतिक्षा म्हणाली, "मुख्य ऑफिसला अर्ज करता येतो तसा. पण खरं सांगू का, माझ्यासमोर एकही मंजूर झालेला नाही."

"खरं सांगितलं ते बरं केलं," सरिता म्हणाली आणि तिनं मागं वळून बघितलं. सोफ्यावर वैजनाथ एकटाच, वर्तमानपत्र वाचत. प्रेमानंदांची जागा रिकामी होती.

"सर कुठं गेले?"

वैजनाथ दचकून उठला. "आता तर हितंच होते, सिस्टर."

बाथरूममध्ये नव्हते. नव्या गाड्या मांडल्या होत्या तिकडं नव्हते. बाहेर हमरस्ता होता, त्यावरून उसाच्या ट्रॅक्टरांची रांग चाललेली. हरवले तर ते नाव सांगू शकणार नव्हते. गाव विचारलं तर कुठला तरी डोंगर सांगतील. ती काचेचं दार ढकलून वर्कशॉपमध्ये शिरली. ग्रीसचा वास, हवेच्या नळीचा फुस्स आवाज, निळ्या कपड्यांतली माणसं. तिची गाडी तपासून, धुऊन एका कडेला लावलेली होती. काचांवरून अजून पाणी ओघळत होतं. आणि त्या पाण्याआड, ड्रायव्हरच्या जागेवर, प्रेमानंद बसले होते.

ती धावली नाही. का ते तिला सांगता आलं नसतं. ती खांबाशी थांबली. त्यांनी डाव्या हातानं उजवा हात उचलला आणि स्टिअरिंगवर ठेवला. हात क्षणभर राहिला आणि घसरून मांडीवर पडला. त्यांनी परत उचलून ठेवला. परत पडला. तिसऱ्यांदा त्यांनी तो ठेवला नाही. मांडीवरच्या त्या हाताकडं ते बघत राहिले, आणि त्या बघण्यात राग नव्हता, रडू नव्हतं. वर्गात एखाद्या पोराला दोनदा विचारून उत्तर आलं नाही की ते त्याला हलकेच बसायची खूण करायचे, तसं त्यांनी डाव्या हातानं उजव्यावर थोपटलं. मग त्यांना ती दिसली. त्यांनी शेजारच्या सीटवर हात आपटून तिला बोलावलं.

ती वळसा घालून गेली आणि आत बसली. दार लावल्यावर बाहेरचे आवाज कमी झाले. आत ओल्या रबराचा वास होता. असं शेजारी शेजारी, समोर बघत, ती दोघं पूर्वी किती वेळा बसली होती. बोलायला ती जागा बरी असते, एकमेकांकडं बघावं लागत नाही.

"झालं?" त्यांनी विचारलं. हा शब्द त्यांना यायचा.

"न्हाई झालं. देत न्हाईत म्हणे. मधली सर्व्हिसिंग चुकली."

"चांगलं," ते म्हणाले.

"चांगलं न्हाई हो. वाईट. वाईट झालं म्हणायचंय तुमाला."

"चांगलं," त्यांनी परत म्हटलं, हट्टानं, आणि तिच्याकडं वळले. पुढचं बोलायला त्यांना फार कष्ट पडले. कपाळावरची शीर वर आली. "मी... न्हाई. गाडी... मी न्हाई आता." डावा पंजा आडवा फिरवून त्यांनी ते पुसून टाकल्यासारखं केलं. मग तेच बोट तिच्या खांद्याला लावलं. "कयाधू. तू."

"असं काहून म्हणून राहिले? बरं होणार हाय की. डॉक्टर म्हणले ना, हळूहळू."

त्यांनी तिच्याकडं नुसतं बघितलं. आणि त्या नजरेत तिला आत्तापर्यंतचे सगळे रविवार एकदम दिसले. पायरीवर बसलेला हा माणूस, तुमीच न्यायची म्हटल्यावर मान हलवणारा. ही मान स्वतःसाठी हलत नव्हती. त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. हात परत येणार नाही हे त्यांनी कधीच ओळखलं होतं, कुठल्या तरी सकाळी, एकट्यानं, आणि शब्द नव्हते म्हणून नव्हे, तर तिला लागेल म्हणून ते बोलले नव्हते. ती फडकं पिळायची आणि ते तिला अजून एक आठवडा वाढवून द्यायचे. तिला हुंदका आला नाही. छातीत गच्च धरलेलं काही तरी हळूच सैल झालं आणि त्याची लाज वाटली. तिनं त्यांचा उजवा हात आपल्या हातात घेतला. तो जड होता आणि ऊबदार होता. बाहेर एक कारागीर काच पुसायला आला, आत माणसं बघून थबकला, आणि दुसऱ्या बाजूची काच पुसायला गेला.

काउंटरवर परत जाऊन तिनं कागद पिशवीत घातले. "राहू द्या," ती प्रतिक्षाला म्हणाली.

"सॉरी, मॅडम." मुलगी जरा घुटमळली. "टायरमधली हवा आणि ऑइल बघायला सांगितलंय मी. त्याला कॉम्प्युटर लागत नाही."

परतताना वारंगा फाट्यावर त्यांनी खिचडी खाल्ली. प्रेमानंदांनी डाव्या हातानं, सांडत, पण पोटभर खाल्ली, वर भजी मागितली, त्यांना ते "खडक" म्हणाले आणि टपरीवाल्याला ते समजलं. आपलं लक्ष नव्हतं म्हणून सर हरवले असते, हे वैजनाथच्या मनातून जात नव्हतं. सरिता मागं बसली. बाळापूर मागं पडलं तेव्हा ऊन कलतं झालं होतं. दोन्ही बाजूंच्या शेतांत हळद शिजवायच्या कढया लागलेल्या होत्या, वाफ सरळ वर जात होती, आणि उघड्या काचांमधून तो कच्चा, मातीचा, कडसर वास गाडीभर झाला. काम झालं नाही, तरी मन हलकं का आहे, हे ती शोधत होती. तेवढ्यात प्रेमानंदांनी डॅशबोर्डवर थाप मारली. डावीकडं एक शिवाररस्ता फुटला होता, सरळ आणि रिकामा. वैजनाथनं गाडी आत घेऊन थांबवली. त्याला वाटलं, सरांना उतरायचंय.

प्रेमानंदांनी आधी वैजनाथकडं बोट केलं आणि मग मागच्या सीटकडं. मग सरिताकडं, आणि मग स्टिअरिंगकडं.

"सिस्टर," वैजनाथ म्हणाला, "गाडी येती का तुमाला?"

"न्हाई."

पण ती उतरली. पुढं जाऊन बसली, सीट पुढं ओढली. चार वर्षांपूर्वी रामलीला मैदानावर त्यांनी तिला चार दिवस शिकवलं होतं. चौथ्या दिवशी तिनं गाडी मंडपाच्या बांबूवर नेली, ते चिडले, ती उतरून पायी घरी आली, आणि त्यानंतर दोघांनीही तो विषय काढला नव्हता. आता तिनं किल्ली फिरवली. पाय कुठं ठेवायचे ते आठवलं, केव्हा उचलायचे ते आठवेना. गाडीनं एक हिसका दिला आणि बंद पडली. शेतात हळद पसरणाऱ्या बाया कमरेवर हात ठेवून बघायला लागल्या.

"पठार," प्रेमानंद म्हणाले. मान हलवली. ते नव्हतं. "पाऊ... पाय... खोरं." डाव्या हातानं त्यांनी हवेत काही तरी हळूहळू वर उचललं. तिला कळलं नाही. तिनं परत किल्ली फिरवली. परत हिसका, परत बंद. मागून वैजनाथ हळूच म्हणाला, "सिस्टर, क्लचप्लेट जाईल हो. आता वॉरंटीबी वाढली न्हाई." तिसऱ्यांदा गाडी मेंढीसारखी उडाली आणि गप्प झाली.

"अगं बावळट बाई, क्लच एकदम काहून सोडून राहिली? किती बार सांगायचं तुला?"

सगळं वाक्य. एका दमात, धारदार, कॉलेजात मागच्या बाकापर्यंत पोचायचं त्या आवाजात. एकही शब्द इकडचा तिकडं नव्हता. प्रेमानंद डॅशबोर्डकडं बघत होते, दुसरंच कुणी तरी बोललं असावं तसे, आणि मग त्यांनी सावकाश आपल्या ओठांना बोटं लावून बघितलं.

"सर बोलले," मागून वैजनाथ म्हणाला.

सरितानं गाडी सुरू केली, गिअर टाकला आणि पाय इतका हळू, इतका सावकाश उचलला की गाडी कधी सरकायला लागली ते तिलाही कळलं नाही. शेत मागं जायला लागलं. पिवळं, ओलं, वाफाळतं. एक बाई हसली, तिनं हात वर केला. प्रेमानंद सीटला टेकून बसले होते, समाधानानं, तोंड मिटून.

"जमलं की, सिस्टर," वैजनाथ म्हणाला.

ती थोडं पुढं गेली. शेजारी ऐकत राहिली. तसं वाक्य पुन्हा आलं नाही. बाभळीपाशी रस्ता रुंद होता, तिथं तिनं गाडी नीट थांबवली. पुन्हा पहिला गिअर टाकला. शेजारी बघितलं नाही. आणि क्लचवरचा पाय तिनं मुद्दाम, एकदम सोडून दिला.